कातडीसकट लेग पीस आणि कंदमुळं: ओटीजी, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह की बिडाचा तवा?

"मावशी, ओटीजी घेऊ की एअर फ्रायर?" भाचीचा फोन आला तेव्हा मी जांभळी नाक्याला रताळी निवडत होते. तिने आणि तिच्या नवऱ्याने नुकतंच घणसोलीत वन बीएचके भाड्याने घेतलंय. ओट्यावर एकाच यंत्रापुरती जागा आहे. माझ्याकडे ठाण्याला रविवारी होतो तो प्रकार तिला घरी करायचाय: कातडीसकट लेग पीस वरून कुरकुरीत, आतून रसरशीत, आणि खाली त्याच चरबीत भाजलेले बटाटे, गाजरं, रताळी.

भाजीच्या गाडीसमोर उभं राहून उत्तर देता आलं नाही. या एका पदार्थात दोन उलटी कामं एकाच वेळी चालतात. कातडीतलं पाणी उडून जायला हवं आणि कंदांतलं पाणी ते शिजेपर्यंत आत राहायला हवं. कातडीला कोरडी, फिरती, कडक उष्णता लागते. कंदांना पसरायला जागा आणि वेळ लागतो. कुठलं साधन दोन्ही सांभाळतं आणि कुठलं एकच, हे बघून निवड करायची. माझ्याकडे ओटीजी, म्हणजे रॉडवर तापणारा छोटा ओव्हन, आहे, धाकट्या बहिणीकडे ऐरोलीला एअर फ्रायर, जाऊबाईंकडे गरम हवेनेही भाजणारा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, आणि आईने दिलेला काठाचा बिडाचा तवा तर लग्नापासून आहे. चारही ठिकाणी हे माझ्या हाताने झालंय, म्हणून लिहिते.

यंत्राच्या आधी कातडी

आपल्याकडच्या चिकनच्या दुकानात कोंबडी सोलूनच मिळते. एकेक पीस उपटण्यापेक्षा पिसांसकट कातडी ओढून काढणं दुकानदाराला झटपट पडतं, आणि रश्श्यात कातडी आपल्याला नकोच असते. त्यामुळे "फुल लेग, कातडीसकट" असं स्पष्ट सांगावं लागतं. त्यासाठी कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. रविवारी सकाळी अकराच्या गर्दीत ही मागणी केली तर दुकानातले दादा नाही म्हणणारच. मी शनिवारी संध्याकाळी सांगून ठेवते. मांडी आणि तंगडी सांध्यातून वेगळी करून घेते, कारण मांडी ट्रेमध्ये सपाट बसते आणि तिची सगळी कातडी वर राहते. पाकिटात 'थाय' म्हणून मिळतं त्यावर बहुतेक वेळा कातडी नसते आणि हाडही नसतं. ते टिक्क्याला चांगलं, इथे उपयोगाचं नाही.

छातीचा भाग का नाही, असं भाचीने विचारलं होतं. छातीचं मांस ७४ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की चोथा होतो. मांडीत कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, जास्त. ते सावकाश विरघळतं आणि ८० ते ८५ अंशांपर्यंत मांस उलट मऊ होत जातं. म्हणजे कातडी कुरकुरीत होईपर्यंत थांबायला मांडी वेळ देते, छाती देत नाही. ७४ ही सुरक्षिततेची खालची पायरी, त्याच्या आत गॅस किंवा यंत्र बंद करायचं नाही. डिजिटल थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांसात खुपसून बघायचं. नसेल तर हाडाजवळ सुरी टोचून रस गुलाबी येतो की स्वच्छ, ते बघायचं.

आता पाणी. पाणी आहे तोवर कातडीचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही, आणि खरपूस रंग व वास साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी माय्यार यांनी १९१२ मध्ये ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, तिच्यामुळेच भाकरीवर डाग पडतात आणि याच कातडीला रंग चढतो. ओली कातडी भट्टीत टाकली तर पहिली वीस मिनिटं ती फक्त वाफाळत राहते.

म्हणून आदल्या रात्री पीस कापडाने टिपून कोरडे करायचे, किलोला दोन छोटे सपाट चमचे मीठ चोळायचं, आणि जाळीवर, उघडेच, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवायचे. वर ठेवले तर गळणारं पाणी इतर जिनसांवर पडतं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांस परत शोषून घेतं. फ्रिजमधली हवा कोरडी असते, सकाळपर्यंत कातडी हाताला कागदासारखी लागते. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरच्या हवेत काहीच सुकत नाही, तेव्हा तर ही रात्र टाळूच नये. धुण्याबद्दल घरोघरी वाद असतो. धुताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू सिंकभर पसरतात, आणि धुतल्याने ते जात नाहीत, शिजवल्याने जातात. तरीही धुवायचंच असेल तर नळ बारीक ठेवावा, नंतर सिंक साबणाने घासावं आणि पीस दुप्पट वेळ टिपावेत.

मसाला हा आपल्या माणसांचा जिव्हाळ्याचा मुद्दा. दही, आलं-लसूण, तिखट सगळं कालवून लावलं की कातडी गेलीच. दह्यात पाणी असतं, आणि लसूण व तिखट २२० अंशांना करपून कडू होतात. मी आगरी मसाला, आलं-लसूण आणि लिंबू एकत्र करून कातडीच्या खाली भरते. बोट घातलं की कातडी अलगद सुटते. वर फक्त हळद, मिरपूड आणि तेलाचा हात. चव तीच राहते आणि कातडी वाचते.

एवढं केलं असेल तर पुढची तुलना वाचण्यात अर्थ आहे. हे न केलेला पीस महागातल्या महाग यंत्रातून लिबलिबीतच निघतो.

ओटीजी

हा पदार्थ मूळचाच ओव्हनचा, आणि ओटीजीत तो सर्वांत कमी खटपटीत होतो. २८ ते ३० लिटरच्या ओटीजीचा ट्रे साधारण बारा इंचांचा असतो. त्यात चार माणसांचं, म्हणजे आठ तुकडे आणि किलोभर कंद, एका थरात मावतात. या 'एका थरात'वर सगळं अवलंबून आहे. फोडी एकमेकींवर चढल्या की खालच्या वाफेवर शिजतात आणि रंग धरत नाहीत.

दोन्ही रॉड आणि पंखा चालू करून २२० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवायचं. पुस्तिकेत दहा मिनिटं दिलेली असली तरी मी पंधरा देते. काचेचं दार उघडलं की छोट्या ओटीजीची बरीचशी उष्णता निघून जाते. भिंती नीट तापलेल्या असल्या तर ती लवकर भरून निघते. आधी कंद एकटे, तेल-मीठ लावून, पंधरा मिनिटं. मग त्यांच्यावर मांड्या, कातडी वर करून, पस्तीस ते चाळीस मिनिटं. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड, आणि त्या वेळी समोरून हलायचं नाही. चाळीस मिनिटांची मेहनत तेवढ्यात काळी होऊ शकते.

या चाळीस मिनिटांत कातडीची चरबी वितळून कंदांवर थेंबथेंब गळते आणि बटाट्याच्या कडा त्यात तळल्यासारख्या होतात. वर चिकन, खाली कंद, मधून गरम हवा: ही रचना चौघांपैकी फक्त ओटीजीत पुरेपूर जमते. कंदांची खरी चव हीच. तो बटाटा खाल्ला की वेगळा तळलेला बटाटा नको वाटतो.

उणिवाही सांगते. मे महिन्यात ठाण्याच्या स्वयंपाकघरात सत्तर मिनिटं ओटीजी चालवणं अंगावर येतं. आतल्या भिंतींवर चरबीचे शिंतोडे उडतात, आणि ते त्याच संध्याकाळी, यंत्र कोमट असताना, पुसले नाहीत तर पुढच्या वेळी धूर होतो. बऱ्याच ओटीजींत आकड्यावर २२० असलं तरी आत तेवढं नसतं. माझा जवळपास वीस अंश कमी तापतो, हे आत ठेवायचा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं. त्याआधी कित्येक महिने मी कोंबडीला बोल लावत होते.

एअर फ्रायर

नावात 'फ्रायर' असला तरी हा छोटा, जोरदार पंख्याचा ओव्हन आहे. फिलिप्सने तो २०१० मध्ये बाजारात आणला आणि आता आपल्या सोसायट्यांत मिक्सरइतका सर्रास दिसतो. हवा इतक्या जवळून आणि वेगाने फिरते की कातडीवरची वाफ तिथे टिकतच नाही. नुसती कातडी बघितली तर हा ओटीजीला मागे टाकतो, तेही अर्ध्या वेळात. १९० अंशांवर आधी कातडी खाली करून दहा मिनिटं, मग उलटून बारा ते पंधरा मिनिटं. ऐरोलीला बहिणीकडे पहिल्यांदा केलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर सुरीचा कर्रकन आवाज झाला आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

पण कंद? चार लिटरच्या टोपलीचा तळ जेमतेम आठ इंचांचा. मांडीचे चार तुकडे एका थरात बसले की बटाट्याला जागाच उरत नाही. कंद जाळीखाली ठेवायचा प्रयोग बहिणीने केला. चरबी त्यांच्यावर गळली, पण हवा पोचली नाही, आणि फोडी ओशट उकडलेल्या निघाल्या. म्हणजे चिकन वेगळं, कंद वेगळे: १८० अंशांवर अठरा मिनिटं, मधे दोनदा टोपली हलवून. कंद छान खरपूस होतात, पण त्यांना चिकनची चव लागत नाही. त्यावर माझा तोडगा असा: आधी चिकन करायचं, खाली साचलेली चरबी चमचाभर काढून तीच कंदांना चोळायची आणि मग कंद भाजायचे. कंद होईपर्यंत चिकन उघडं ठेवायचं. झाकलं तर स्वतःच्या वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतं. वाढायच्या आधी दोन मिनिटं परत टोपलीत टाकायचं.

खाली साचलेली चरबी जास्त तापली की धूर येतो. तळाशी दोन चमचे पाणी घातलं तर तो थांबतो. टोपलीवरचा लेप तारेच्या काथ्याने घासायचा नाही, हे कामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह

घरात असेल तर जरूर वापरा, याच्यासाठी म्हणून मुद्दाम घेऊ नका. कन्व्हेक्शन मोडवर, उंच जाळीवर, २०० ते २२० अंशांत मांड्या बऱ्या होतात, पण ओटीजीसारखा खालून-वरून रॉडचा चटका बहुतेक मॉडेलमध्ये नसतो. तळाची बाजू फिकी राहते. जाऊबाईंच्या मशीनला पंचेचाळीस मिनिटं लागली तरी कातडीचा रंग बदामीच होता. गोल ताटलीमुळे चौकोनी ट्रे फिरताना अडकतो, तोही एक ताप.

त्याची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कंद आधी मायक्रोवेव्ह मोडवर, झाकून, पाच-सहा मिनिटं अर्धवट शिजवून घेता येतात, मग कन्व्हेक्शनवर चिकनखाली. वेळ वाचतो. धातूची जाळी किंवा ट्रे मायक्रोवेव्ह मोडवर आत जाता कामा नये, ही आठवण घाईच्या दिवशी स्वतःला करून द्यावी लागते.

बिडाचा तवा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की थंड मांस पडलं तरी हार मानत नाही. दोन माणसांसाठी माझं पहिलं मत याला आहे.

तवा थंड असताना चार मांड्या कातडी खाली करून ठेवायच्या, तेल नाही, आणि मग मध्यमपेक्षा थोडा बारीक गॅस. गरम तव्यावर टाकली तर कातडी आक्रसते, वरून करपते आणि आतली चरबी तशीच जाड राहते. थंडपासून सुरू केलं की चरबी हळूहळू सुटते आणि कातडी स्वतःच्याच चरबीत तळली जाते. पहिली आठ मिनिटं वर एक ताटली आणि तिच्यावर खलबत्त्याचा खल ठेवते, म्हणजे कातडी सगळीकडे टेकते. मग वजन काढून आणखी आठ-दहा मिनिटं. या काळात हलवायचं नाही. तयार झाली की कातडी तव्यापासून आपोआप सुटते. ओढावी लागत असेल तर अजून झालेली नाही. उलटून दहा-बारा मिनिटं, आच मंद. झाकण ठेवायचा मोह होतो, कारण आतून शिजेल की नाही ही धास्ती असते. झाकण ठेवलं की सगळी मेहनत वाफेत जाते. अशी कातडी चौघांतही सर्वांत पातळ आणि काचेसारखी होते, भांगात शेंदूर भरावा तसा तिच्या सुरकुत्यांत मिरपुडीचा कण न् कण बसतो.

कंदांचा पेच इथेही आहे. कच्च्या फोडी तव्यावर शिजायला अर्धा तास लागतो, तोवर बाहेरून जळतात. त्या आधी खारट पाण्यात सहा-सात मिनिटं उकडून, निथळून, थोड्या खडखडवून घ्यायच्या, म्हणजे कडा फुटतात. चिकन उतरवलं की त्याच चरबीत या फोडी, एका थरात, दहा मिनिटं. फुटलेल्या कडा चरबी पितात आणि कडकडीत होतात. कंदांच्या बाबतीत तव्याचा निकाल ओटीजीच्या खालोखाल आणि एअर फ्रायरच्या पुढे आहे.

याची किंमत तुमच्या वेळात मोजायची. पन्नास मिनिटं गॅससमोर उभं राहायचं, शिंतोडे टाइल्सवर, एक्झॉस्ट फॅन फुल. चारपेक्षा जास्त तुकडे मावत नाहीत. आणि नवा तवा असेल तर तेल लावून तापवून तो आधी मुरवावा लागतो. ज्याला रोज घासणीने चकचकीत घासायची सवय आहे, त्याच्या घरात बीड गंजतं.

कंद कोणते, कशात

इथे लोक सर्वांत कमी विचार करतात, आणि साधन निवडताना हाच विचार उपयोगी पडतो.

रताळ्यातला स्टार्च सावकाश तापताना त्यातल्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) माल्टोज नावाच्या साखरेत बदलतो आणि रताळं गोड होतं. ओटीजीत हे घडायला वेळ मिळतो. मायक्रोवेव्ह मोडवर झटकन शिजवलेलं रताळं त्यामुळेच फिकं लागतं. घरात रताळी आवडत असतील तर हा एक मुद्दा ओटीजीच्या पारड्यात. फोडी मात्र दीड इंचाच्या मोठ्या ठेवायच्या, साखर लवकर काळी पडते.

बटाटा जुना घ्यावा, पातळ सालीच्या नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत: थंडीने त्यांतल्या स्टार्चची साखर होते, मग भाजताना ते आत कच्चे असतानाच बाहेरून काळपटतात. हिवाळ्यात येणारी लाल गाजरं गोड असतात पण पाणी फार सोडतात, ती ओटीजीच्या ट्रेच्या कडेला ठेवते. एअर फ्रायरला केशरी, टणक गाजरं बरी.

बीट सर्वांत चिवट. अर्ध्या इंचाच्या फोडी करायच्या आणि एका कोपऱ्यात ठेवायच्या, नाहीतर सगळा ट्रे गुलाबी. मुळा भाजल्यावर आपला तिखटपणा सोडतो आणि सलगमासारखा मवाळ होतो. मुळा न खाणारी माझी सासू तो मागून घेते. सुरण घातलात तर आधी चिंच किंवा आमसुलाच्या पाण्यात आठ मिनिटं उकडा. खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्यात असतात, आणि कोरड्या भाजणीत ते हमखास त्रास देतात. उकडलेला सुरण तव्यावर मात्र अप्रतिम होतो, माझ्या मते बटाट्याहून सरस.

पनवेल, उरण, अलिबागकडच्या माणसांना हे सगळं वाचताना पोपटी आठवेल. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, चिकन मडक्यात भरायचं, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. कोंबडी आणि कंद एकत्र भाजण्याची आपल्या खाडीपलीकडची ही रीत. तिथे कातडी कुरकुरीत होत नाही, कारण मडक्यात वाफ कोंडलेली असते, आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. पण ओवा आणि खडे मीठ कंदांना काय देतात ते पोपटीनेच शिकवलं. मी ट्रेमधल्या कंदांवर हाताने चोळलेला ओवा टाकते. यंत्र कुठलंही असो, हे करून बघा.

प्लग, युनिट, ओटा

दुकानात हे कोणी विचारत नाही आणि घरी आल्यावर अडतं. ओटीजी किंवा एअर फ्रायर १५०० वॅटचा धरला तर २३० व्होल्टला तो साधारण साडेसहा अँपियर ओढतो. मिक्सरचं छोटं सॉकेट सहा अँपियरचं असतं. म्हणजे गीझर-फ्रिजसाठी असतो तो सोळा अँपियरचा जाड पिनांचा पॉइंट हवा, ओट्याजवळ हवा, आणि एक्स्टेंशन कॉर्ड नको. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात असा पॉइंट बहुधा एकच असतो आणि तो फ्रिजने अडवलेला असतो. यंत्राच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावण्याचा खर्च धरावा.

विजेचा हिशोब अनेकांना उलटा वाटतो. ओटीजी तापवण्यासकट सत्तर मिनिटं चालला तर जास्तीत जास्त पावणेदोन युनिट. रॉड मधेमधे बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. एअर फ्रायरमध्ये दोघांचं चिकन आणि कंद त्रेचाळीस मिनिटांत, म्हणजे जेमतेम एक युनिट. पण चौघांचं करायचं तर चिकनच्या दोन खेपा, कंदांच्या दोन खेपा, जवळजवळ दीड तास आणि दोन युनिटांपर्यंत. म्हणजे एअर फ्रायर वीज वाचवतो हे दोन माणसांपुरतंच खरं. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या पायऱ्या असतात. आठवड्यातून एकदाच्या भाजणीने त्या सहसा ओलांडल्या जात नाहीत, तेव्हा निवड युनिटांवर करू नये.

जागेचं तसं नाही. ओटीजीच्या मागे आणि बाजूंना चार-चार इंच मोकळे सोडावे लागतात, पाईप गॅसच्या नळीपासून लांब. एअर फ्रायर वापरून कपाटात जाऊ शकतो. तवा भिंतीला टांगता येतो.

मग कोणी काय घ्यावं

घरात चार किंवा जास्त माणसं, कंद मनापासून आवडणारी, आणि केक, पाव, भाजलेल्या वांग्यांचंही मनात असेल तर ओटीजी. अठ्ठावीस लिटरच्या आतला घेऊ नका आणि पंख्याशिवायचा तर मुळीच नको.

एकटंदुकटं राहणाऱ्याने, गॅससमोर उभं राहणं जमत नसेल तर एअर फ्रायर. कातडी त्याच्यात चुकायला जागा फार थोडी आहे. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. ती टोपली सरकवून बसून घेते, आणि तिच्यासाठी याहून योग्य साधन नाही.

दोन माणसं, उभं राहायची तयारी, आणि घरात अजून काहीच घेतलेलं नसेल तर बिडाचा तवा. चारांत सर्वांत स्वस्त, प्लग लागत नाही, आणि चरबी कशी सुटते, कातडी कधी सोडते हे डोळ्यांसमोर दिसतं. पुढे ओटीजी घेतला तरी ही नजर कामी येते, आणि तव्यावर भाकऱ्या होतातच.

उरलेल्या तुकड्यांबद्दलही भाचीने विचारलं होतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की कातडी चामड्यासारखी होते. एअर फ्रायरमध्ये चार-पाच मिनिटं, किंवा तव्यावर कातडी खाली करून मंद आचेवर सात-आठ. ट्रेच्या तळाशी राहिलेली चरबी गाळून वाटीत ठेवायची आणि दोन दिवसांत संपवायची. सोमवार पाळत असाल तर मंगळवारी तिच्यात शिळा भात परतावा.

तिने काल ओट्याचा फोटो पाठवला. गॅसच्या बाजूला मोकळी जागा अठरा इंच, सोळा अँपियरचा पॉइंट फ्रिजमागे, आणि घरमालक नवा पॉइंट काढू देईल की नाही ते ठरायचंय. रविवारी मी घणसोलीला जातेय. आईचा तवा पिशवीत भरून ठेवलाय, आणि कोपरखैरण्याच्या चिकनवाल्याला तिने कातडीसकट चार मांड्या सांगून ठेवल्यात.